माझ्या पोटात काय होतं?

मी एक सिरिंज बोलतेय. आतून भरलेली, बाहेरून सीलबंद, आणि आपल्या पोटात काय आहे याचा पत्ता नसलेली. माणसांतही असे पुष्कळ भेटतात म्हणा. पण त्यांच्यावर कुणाचा जीव टांगलेला नसतो.

कारखान्यात आम्हा बहिणींचे तीन गट होते. काहींत बंद पडलेल्या हृदयावरचं त्यातल्या त्यात नवं औषध, काहींत जुनं, काहींत नुसतं मिठाचं पाणी. दिसायला सगळ्या सारख्या. नाव नाही, फक्त नंबर. दोन्ही औषधं वर्षानुवर्षं दिली जात होती. पण त्यातलं कुठलं खरंच जीव वाचवतं, की दोन्ही नुसतीच मिरवतात, हे कुणी नीट पाहिलं नव्हतं. म्हणून ही तुलना, आणि ती संपेपर्यंत कुणाला काय मिळालं हे देणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही.

मी एका डब्यात बंद होऊन ॲम्ब्युलन्सच्या कप्प्यात येऊन पडले. नियम एकच: सगळ्यात वरचा डबा घ्यायचा, निवड करायची नाही. गाडीवर उपचार करणारी एक ताई होती आणि गाडी चालवणारे काका. काकांना सगळ्यातलं सगळं कळायचं. कुणी विचारलेलं नसलं तरी.

एका दुपारी शिंप्याच्या दुकानातून बोलावणं आलं. शिंपी मशीनवरच कोसळला होता. सुईखाली अर्धी बाही तशीच अडकलेली. त्याची बायको कात्री हातात धरून भिंतीला टेकली होती. काकांनी छाती दाबायला घेतली, ताईनं विजेचे झटके दिले. हृदय नुसतं थरथरत राहिलं. मग ताईचा हात आमच्या कप्प्यात आला.

"खालचा घे," काका धापा टाकत म्हणाले. "मागच्या खेपेला वरच्यानं तोंडघशी पाडलं."

"काका, हात चालवा. तोंड नको."

पण तिनंही मला उजेडात धरून हलवलंच. नवं औषध हलवलं की फेसाळतं, हे तिला पूर्वीपासून ठाऊक होतं.

"फेस येऊ नये असंच बनवलंय आता. साबण शोधतेयस का?" काकांनी छाती दाबता दाबता सुनावलं.

ती ओशाळली आणि मला शिरेत रिकामं केलं. पुढच्या झटक्याला हृदय चालू झालं. माझ्यामुळे? झटक्यामुळे? की काकांच्या मनगटांमुळे? देव जाणे.

इस्पितळाच्या दारात शिंप्याची नाडी लागत होती, पण डोळे मिटलेलेच होते. नंबर टिपायचा म्हणून मी अजून ताईच्या ट्रेमध्ये होते. बायकोनं विचारलं, "ताई, कुठलं औषध दिलंत यांना?"

"ते मलाही माहीत नाही, काकू. दोनपैकी एक औषध असेल. नाहीतर मिठाचं पाणी."

"पाणी?" बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "आमच्याकडे माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाहीत."

"मापच घेतोय, काकू. इतकी वर्षं कुणी घेतलंच नव्हतं."

"घ्या की. पण यांच्याच अंगावर?"

ताईनं खाली बघून माझा नंबर टिपला. सगळ्यातलं सगळं कळणारे काका गाडी पुसायला लागले.

आता मी वापरलेल्या सुयांच्या डब्यात पडून आहे. शिंपी शुद्धीवर आला का, त्याची बाही पुरी झाली का, इथे काही कळत नाही. तुलना संपली की कधीतरी माझा नंबर उघडून पोटात काय होतं ते बघतील. पाणी निघालं तरी मला मोजणीतून वगळू नका. आणि शिंप्याच्या बायकोकडे कुणीतरी स्वतः जा. तिच्या नवऱ्याच्या अंगावर घेतलेल्या मापाचा सदरा निदान दुसऱ्या कुणाला तरी बसला का, एवढं तिला सांगा.