अनसूयेच्या नावाची ओळ

पाळकसाहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि बायबलाचं पान हातानं सारखं केलं.

"सांगा शांतवनराव, अनसूयाबाई प्रभूजवळ गेल्या ती तारीख कोणती?"

शांतवननं तारीख सांगितली नाही. त्यानं आपला पंजाच पानावर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, पाळकसाहेब. मी लिवीन."

चुलीपाशी चहा गाळणारी मार्था थांबली. तिच्या बापाला अक्षर येत नाही हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. पाळकसाहेबांनाही होतं. ते हसले नाहीत. टाक पुसून ठेवत म्हणाले, "सोमवारी लग्न. मग हे बायबल मुलीबरोबर मोहोळला जाणार. त्याआधी लिहा म्हणजे झालं."

चहा पिऊन ते गेले. पान उघडंच राहिलं होतं.

जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो, त्यांच्यामध्ये एक कोरं पान असतं. वस्तीतल्या घराघरात त्या पानावर घराण्याची माणसं लिहायची रीत होती. या पानावर सगळ्यात वर शांतवनच्या बापाचं नाव होतं, गुरप्पा. ते जुन्या पाद्रीसाहेबानं लिहिलं होतं आणि शेजारी गुरप्पाचा अंगठा होता. बाप्तिस्म्याच्या दिवशी उठवलेला, आता तपकिरी पडलेला. त्याच्याखाली सगळं अक्षर शांतवनच्या बायकोचं, अनसूयेचं. स्वतःचं लग्न तिनं लिहिलं होतं. मार्थाचा जन्म लिहिला होता. मार्थाच्या आधी झालेले दोघे लिहिले होते, आणि ते गेले तेही तिनंच लिहिलं होतं, त्याच टाकानं, ओळ जराही वाकडी न होऊ देता. शेवटची ओळ तेवढी राहिली होती.

शहरावरचा गोऱ्या सरकारचा मार्शल लॉ उठला त्या पावसाळ्यात अनसूया तापानं गेली. अंगात ताप फणफणत असताना ती हसून म्हणाली होती, "माझी ओळ तुमी लिवा बरं का. ती काय मला लिवता यायची न्हाय."

"आबा, मी लिवते की," मार्था म्हणाली. "माझं अक्षर आईसारखंच हाय."

"म्हणून तर नको. वाचणाऱ्याला वाटंल तिनंच लिवलंय. मागं कुणी उरलंच न्हवतं असं वाटंल."

मार्था शाळेत मास्तरीण होती. पोरांना समजवायची तिला सवय होती, पण आता तिनं चहाच्या कपबशा गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी मागावर बसल्याबसल्या शांतवननं ही गोष्ट हुसेनसाबला सांगितली. दोघांचे माग शेजारी, पाय सोडून बसायचे खड्डेही शेजारी. हुसेनसाबनं आडवं सूत नेणारा धोटा थांबवला नाही.

"अंगठा मार की. तुझ्या बापाचा चालला, तुझा का न्हाई?"

"बापानं मारला म्हणून तर त्यानं लिवणारी सून आणली."

"मग सुनंकडनं शिकायचं होतं. रोज रात्री म्हणायची बिचारी, पाटी घ्या, पाटी घ्या. आमच्या घरापत्तूर ऐकू यायचं."

"दमून यायचो."

"मी काय झुल्यावर बसून यायचो?" हुसेनसाब म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "एक नाव तरी येतं का तुला? कुठलंबी?"

शांतवनचा हात मागाच्या मुठीवर तसाच राहिला.

एक नाव त्याला येत होतं. लग्नाच्या वर्षी त्यानं घरासाठी चादर विणली होती. अनसूयेनं आपलं नाव कागदावर मोठं काढून दिलं होतं. तो पातळ कागद ताण्याच्या उभ्या धाग्यांखाली पालथा धरून त्यानं चादरीच्या कोपऱ्यात ते नाव लाल सुतानं घातलं होतं, एकेक धागा उचलून. जन्मात तेवढं एकच नाव त्याच्या हातून उतरलं होतं. ती चादर तिच्या अंगावर होती, आणि तिच्याबरोबरच मातीत गेली होती. पण बोटांना धागे आठवत होते. कुठं वर जायचं, कुठं वळायचं, काना कुठं ओढायचा.

"येतं," तो म्हणाला.

"मग झालं की. लिही आणि मोकळा हो. नाहीतर बसशील इथं उलटं बघत." विणकराला सारा जन्म चादरीची उलटीच बाजू दिसते, सुलटी खाली असते, ती गिऱ्हाइकाला दिसते. हुसेनसाबचा हा रोजचा विनोद होता.

सोमवारी सकाळी मार्था न्हायला गेली तेव्हा शांतवननं हात साबणानं धुतले, दारात उजेडाला बसला आणि बायबल मांडीवर घेतलं. टाक त्यानं मुठीत धरला. कोपऱ्यातला पहिला धागा डोळ्यांपुढे आणला आणि सुरुवात केली. रेघ बारीक वाटली की तो तीच पुन्हा गिरवी. सूत कसं दाट बसायला हवं. शाई कागदात मुरत गेली. शेवटचा काना ओढला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

मार्था ओल्या केसांनी मागं येऊन उभी राहिली. तिनं वाकून पान पाहिलं, मग मान तिरकी करून पुन्हा पाहिलं.

"का गं? चुकलं?"

"आबा..." ती खाली बसली. "समदं बरोबर हाय. पण उलटं हाय. आरशात दिसतं तसं."

शांतवननं पानाकडे पाहिलं. त्याला ते नावच दिसत होतं, मागावर दिसलं होतं अगदी तसं. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. देवाच्या पुस्तकात, बापाच्या अंगठ्याखाली, बायकोच्या सरळ ओळींखाली त्यानं हे करून ठेवलं होतं. आता ते खोडताही येणार नव्हतं.

"नासवलं मी," तो म्हणाला.

मार्थानं पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. ती बाजू तिची, तिच्या घराची, अजून न झालेल्या माणसांची. तिनं ते एकच पान उचलून दाराच्या उजेडाकडे धरलं. शाई आरपार उतरली होती. कोऱ्या बाजूवर नाव उमटलं होतं, सुलटं, ठसठशीत.

"अनसूया," तिनं वाचलं.

शांतवन बघत राहिला. वर, त्याच उजेडात, गुरप्पाचा अंगठाही पुसट दिसत होता. या बाजूनं बाकीचं काही कुणालाच वाचता आलं नसतं. अनसूयेच्या सगळ्या ओळी इकडून उलट्या होत्या. तिचं एकटीचं नाव तेवढं पुढच्यांकडे तोंड करून उभं होतं. हे आपल्या हातून झालं यावर त्याचा विश्वास बसेना. त्यानं बोट पुढं केलं, पण कागदाला लावलं नाही.

"तारीख तू लिव," तो म्हणाला. "ह्या बाजूला."

मार्थानं लिहिली. शाई वाळेपर्यंत दोघं दारातच बसून होते. मग बाहेरून कुणीतरी टांगा आल्याची हाक दिली.

मंगळवारी शांतवन कामावर आला. खड्ड्यात उतरला, पण पाय मागाच्या पावडीवर ठेवले नाहीत. वाकून, मान तिरकी करून त्यानं मागाखाली डोकं घातलं.

"काय पडलं रे?" हुसेनसाबनं विचारलं.

"काय न्हाय."

"मग?"

"सुलटं बघतोय," शांतवन खालूनच म्हणाला.

हुसेनसाबनं त्या दिवशी विनोद केला नाही. शांतवनचं डोकं वर येईपर्यंत त्यानं आपला धोटा हातातच धरून ठेवला.