चार सह्यांचा कार्बन

मी एक कार्बन पेपर बोलतोय. एकदाच वापरलेला, म्हणून माझ्यावरचं अक्षर न् अक्षर उजेडात वाचता येतं.

११ मार्च १९८८. परमुलखातली लढाई. आमच्या ब्रिगेडिअर साहेबांनी तोफा येईपर्यंत हल्ला थांबवला होता. त्यांची खुर्ची हवी असलेला कर्नल तीन अधिकाऱ्यांना घेऊन तंबूत बसला. वरिष्ठांना इंग्रजीत पत्र टाइप झालं : 'कमांडर भित्रे आहेत. तोफांची गरज नाही. आम्ही आजच गाव घेतो.' खाली बॉलपेनने चार सह्या. कर्नलने इतकी दाबून केली की मी फाटता फाटता राहिलो.

ब्रिगेडिअरांना काढलं. कर्नलने तोफांशिवाय हल्ला केला. एकोणीस जवान पडले. अहवालात दोष मात्र 'आधी उशीर केला' म्हणून ब्रिगेडिअरांच्या माथी.

गुप्त पत्राचा कार्बन त्याच दिवशी जाळायचा असतो. हवालदार क्लार्क अभिमनने 'जाळला' अशी नोंद केली आणि मला रोजनिशीत दडवलं. निवृत्त होऊन तो धुळ्याजवळच्या गावी आला, तरी गप्पच. पेन्शन जाईल ही भीती. मला त्याचाही राग यायचा.

त्याच गावच्या मंजुळाबाईचा मुलगा झुलाल त्या एकोणिसांत होता. ती ब्रिगेडिअरांना शाप द्यायची, "त्याना वंश बुडो!" अभिमन मान खाली घालायचा.

१९९७च्या प्रजासत्ताकदिनी झुलालच्या स्मारकाचं उद्घाटन ठरलं. पत्रिकेवर पाहुणा तोच कर्नल! अभिमनने मला बाहेर काढलं आणि मंजुळाबाईच्या ओट्यावर बसून पत्राचा अर्थ सांगितला.

"नऊ वरीस मी भलत्याच मानूसले शिव्या दिन्यात," ती म्हणाली, "आनि तू आयकत बसना?"

"चुकलं, अक्का."

"तो कागद दे."

समारंभात कर्नल शाल घेऊन पुढे आला. तिने मला उन्हात धरलं.

"सायेब, हाई सही तुमनीच शे ना?"

'खोटं आहे' असं तो म्हणाला नाही. म्हणाला, "हा जाळला नव्हता?"

माईक चालू होता.

"मी नाही जाळला," अभिमन गर्दीतून उठला.

आता चौकशी अभिमनचीच चालू आहे. पेन्शन अडकली आहे. मी सीलबंद पाकिटात. ब्रिगेडिअरांवरचा डाग अजून पुसलेला नाही.

एकाला गाठलं. तिघे कुठेतरी हारतुरे घेत असतील. तुमच्या गावात आले, तर मला मागवा. पाकीट फोडा, उन्हात धरा. नावं स्पष्ट आहेत.