बाण पोटाकडं

"तुम्हाला जमंल का?" असं कुणी विचारलं, की साहेबरावांच्या डोक्यात तिडीक जायची. बावीस वर्षं वाळूजच्या कारखान्यात गाड्यांना सायलेन्सर बसवलेला माणूस तो. आणि आज हा सवाल विचारला कुणी, तर सख्ख्या बायकोनं, भर गल्लीत, शेजारणींच्या देखत.

"जमंल का म्हंजी?" ते तडकले. "तू तुझा टँकर बघ."

लीलाबाई आपल्या रिकाम्या ड्रमाकडं वळल्या. टँकर तर त्या चार दिवसांपासून बघतच होत्या. दोन हजार सोळाचा जून उजाडला होता, जायकवाडीत नुसता गाळ राहिला होता. इकडं पडेगावात मात्र दर महिन्याला एक नवी इमारत उभी राहत होती, बोअरवर बोअर पाडली जात होती, आणि कुठल्याच बोअरला थेंब लागत नव्हता. गल्लीत निळे ड्रम रांगेनं लावलेले. ड्रम जिथं ठेवला तिथंच राहायचा. दुसऱ्याच्या ड्रमला हात लावला की केसरबाई नावाची शेजारीण सात पिढ्यांचा उद्धार करायची.

आता गाडीचं सांगतो, कारण सगळा जीव त्या गाडीतच अडकला होता. साहेबरावांची लेक निशा दोन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि तिच्या पायांतलं बळ गेलं. पण पोरगी मोठी जिद्दीची. गणितात बीएस्सी, बीएड केलं आणि वेरूळच्या एका खासगी शाळेत शिक्षिका म्हणून लागली. एसटीची पायरी तिला चढता येईना, रोजची रिक्षा परवडेना. एकदा कुबडीसकट खाली आली. तेव्हा साहेबरावांनी ही जुनी लाल गाडी घेतली आणि क्लच, ब्रेक, रेस, तिन्ही हातावर आणले. दांडे कापले, वाकवले, जोडले, सगळं घरी, आपल्या दोन हातांनी. आरटीओनं तपासून मंजुरी दिली आणि निशाचं लायसन याच गाडीवर निघालं. नऊ वर्षं ती एकटी रोज वेरूळला जाऊन येत होती. कुणाची मिंधी नाही.

गाडीला या महिन्यात पंधरा वर्षं पुरी होत होती. म्हणजे पुन्हा पासिंग आलं. मे महिन्यात नेली, तर धूर जास्त म्हणून परत पाठवली. पुढची तारीख मिळाली दहा जून, शुक्रवार. ती हुकली की अर्ज पुन्हा पहिल्यापासून, हाताच्या दांड्यांची मंजुरी पुन्हा पहिल्यापासून, दोन-तीन महिने तरी गेलेच. आणि शाळेनं निशाला स्वच्छ सांगितलं होतं: पंधरा तारखेला शाळा उघडते, त्या दिवशी हजर नसाल तर जागा दुसऱ्याला जाईल. जागेवर टपलेले कमी नव्हते.

धुराचं मूळ सापडलं होतं. गाडीच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सरच्या मधे, एक डबा असतो. त्याला कॅट म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, धूर तिच्यातून जातो आणि त्यातलं विष कमी होतं. निशाच्या गाडीतली ती जाळी जळून, चिकटून बंद पडली होती. धूर कोंडायचा, आणि दौलताबादचा घाट लागला की गाडी रडायला लागायची.

"जाळी फोडून टाकू, भाऊ," नाक्यावरचा गॅरेजवाला फकिरा म्हणाला होता. "दहा मिनिटांचं काम. सगळे तेच करत्यात."

"आन् पासिंगला? तिथला सायेब असल्या गाड्यांना सोता मशीन लावून बघतो."

"मंग नवा बसवा. आणा हितं, मी बसवतो."

"तू बसवतो? तुझा जनम झाला नव्हता तवापास्नं मी हेच करतोय."

हे काही खरं नव्हतं, फकिरा पंचेचाळिशीचा होता. पण साहेबरावांच्या तोंडाला कोण लागणार? फकिरा हसला आणि पान्याकडं वळला.

साहेबरावांनी दिल्लीहून मोकळ्या जाळीचा नवा कॅट मागवला. धूर कमी करतो आणि गाडीचा श्वासही कोंडत नाही, असा. तो मंगळवारी आला. चकचकीत डबा, एका टोकाला धूर मोजून इंजिनाला कळवणारा सेन्सर बसवायचं भोक, आणि पोटावर कोरलेला बाण. धूर कुठून कुठं जायचा ते सांगणारा.

बुधवारी सकाळी ते कामाला लागले. घरात वेल्डिंगचं मशीन होतं, कटर होता, दोन जॅक होते. नेहमी ते मागच्या बाजूनं गाडीखाली शिरायचे. पण मागं ड्रमांची रांग अगदी डिकीला भिडलेली. "केसरबाई, दोन ड्रम हलवू का?" म्हणून विचारलं, तर बाईनं असा आवाज काढला की दोन गल्ल्या जाग्या झाल्या. तेव्हा साहेबरावांनी पुढचं तोंड उचललं आणि पुढून शिरले.

कारखान्यात पहिल्या दिवशी फोरमननं त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: बाण पोटाकडं. लाइनवर गाडीचा सांगाडा लटकत यायचा, कामगार त्याच्या शेपटाकडं उभा. डबा हातात घ्यायचा, बाण आपल्या पोटाकडं करायचा, ठोकून द्यायचा. बघायचं नाही, विचार करायचा नाही. दिवसाला दीडशे डबे, बावीस वर्षं. हाताला डोळे फुटले होते म्हणा ना.

उताणे पडून त्यांनी डबा छातीवर घेतला. बाण पोटाकडं केला. वर धरला आणि चार टाके मारले.

सेन्सरची वायर पुरेना.

निशा दारात खुर्ची टाकून बसली होती. वाकून बघत म्हणाली, "बाबा, वायर कमी कशी काय पडली? जुन्याला तर पुरत होती."

"नवा माल हाय. मापं येगळी असत्यात."

"एकदा फकिराकाकांना दाखवायचं का?"

"निशे, हे दांडे कुणी बसवले गं? फकिरानं?"

साहेबरावांनी वीतभर वायर जोडली, वर टेप गुंडाळली आणि डबा दोन्हीकडून पक्का वेल्ड केला. काम असं सुंदर की बघत राहावं. टाका कसा, एकसारखा. संध्याकाळी गाडी सुरू केली तेव्हा आवाज गोड लागला. लीलाबाईंनी चहा केला, पाणी मोजून घेण्याच्या त्या दिवसांत पूर्ण कप. निशा पहिल्यांदा मोकळी हसली, म्हणाली, "पंधरा तारखेला पयल्या तासाला मीच."

गुरुवारी सकाळी बापलेक पीयूसी काढायला गेले. मशीनवरच्या पोरानं नळी घातली, आकडा मेच्या कागदाशी ताडून बघितला, नळी काढून परत घातली. "काका, हा तर मे महिन्यातल्यापेक्षा जास्त आहे," तो म्हणाला.

"तुझं मशीन खराब हाय."

दुसऱ्या मशीनवर गेले. तिथंही तेच. तिसऱ्याकडं निघाले तेव्हा निशानं गाडी गुपचूप फकिराच्या गॅरेजकडं वळवली. साहेबरावांनी तिला अडवलं नाही. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

फकिरा बॅटरी घेऊन खाली गेला. बराच वेळ आला नाही. मग बाहेर येऊन कपडे झटकले आणि निशाकडं न बघता हळूच म्हणाला, "भाऊ, तुम्ही पुढून शिरला व्हता का?"

साहेबरावांना कळायला एवढं पुरलं. पुढून शिरलं की डोकं गाडीच्या शेपटाकडं आणि पोट इंजिनकडं. बाण इंजिनकडं बघत होता. डबा उलटा लागला होता, सेन्सर जाळीच्या पलीकडं गेला होता, आणि गाडीला काहीच कळत नसल्यानं ती वेड्यासारखं पेट्रोल पीत होती.

"कापू, फिरवू, परत जोडू," फकिरा म्हणाला. "दुपारपतुर व्हतंय. ठेवा हितंच. मी सावकाश कापतो."

इथंच, बघा, इथंच ठेवायची होती! चूक झाली होती, पण निस्तरता येत होती. अख्खी दुपार हातात होती. पण माणसाला आपली लाज दुसऱ्याच्या हातात द्यावीशी वाटत नाही. "माझं मी करतो," एवढंच ते बोलले.

घरी येऊन ते परत पुढूनच शिरले. ड्रम होते तिथंच होते. कटरनं त्यांनी दोन्हीकडचे टाके कापले, पण पुढचं टोक सुटेना. स्वतःचंच वेल्डिंग, सुटणार कसं? ऊन डोक्यावर, घाम डोळ्यात. निशा म्हणत होती, "बाबा, जरा थांबा, पाणी घ्या." त्यांनी हातोडा घेतला आणि हाणला. एकदा, दोनदा. तिसऱ्याला डबा निखळून छातीवर पडला.

त्यांनी तो उचलला आणि आत काहीतरी खडखडलं. डबा तिरपा केला, तर मातकट चुरा त्यांच्या शर्टावर सांडला. ती जाळी म्हणजे कपबशीचीच माती. हातोड्यापुढं किती टिकणार? हे बावीस वर्षांच्या माणसाला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. नव्या पोरांना तेच शिकवायचे ते, डब्याला हातोडा लावायचा नाही म्हणून.

साहेबराव गाडीखालून लवकर बाहेर आले नाहीत. लीलाबाईंनी दोनदा हाक मारली. मग निशा म्हणाली, "राहू दे, आई."

दुसरा डबा दिल्लीहून यायला आठ दिवस. फोनाफोनी झाली. फकिरानं जालना पालथा घातला, नगरला माणूस पाठवला. कुठंच त्या मापाचा मिळाला नाही. शुक्रवार आला आणि गेला.

शनिवारी निशा म्हणाली, "उद्यापर्यंत गाडीचे कागद चालू हायेत. आज शाळेत जाऊन येते. राजीनामा सोता दिलेला बरा. काढून टाकलं म्हणून नको कुणी म्हणायला."

फकिरानं रिकामा डबाच परत जोडून दिला, सुलटा. पैशाचं नाव काढलं नाही. साहेबराव लेकीच्या शेजारी बसले. आणि गाडी काय पळाली म्हणून सांगू! जाळीच नाही, तर अडवणार कोण? जो घाट नऊ वर्षं दुसऱ्या गिअरवर कण्हत चढायची, तो तिसऱ्यावर चढली. निशाचे हात दांड्यांवर सरासर फिरत होते. दोन्हीकडं डोंगर उघडे पडलेले, कुठं हिरवं पान नाही.

घाट संपला तसं साहेबरावांना राहवलं नाही. "माझ्यामुळं झालं, पोरी."

ते वाट बघत होते. ती म्हणेल, नाय हो बाबा, असं काय बोलता.

"व्हय," निशा म्हणाली. "तुमच्यामुळंच झालं. मी दोनदा बोलले व्हते." मग तिनं रेसचा दांडा ओढला.

शाळेच्या फाटकात तिनं गाडी उभी केली, कुबड्या घेतल्या. साहेबराव उतरायला लागले. "तुम्ही नका येऊ आत. तिथं बसून माझी चूक, माझी चूक करत बसाल, आन् समदे तुम्हालाच समजवत बसतील. मला आज ते बघायचं नाय."

ती गेली. पायऱ्यांशी थांबली, एकेक कुबडी वर टेकवत चढली. साहेबराव तापलेल्या गाडीत तसेच बसून राहिले.

शाळेचा शिपाई सर्जेराव अर्धा तांब्या पाणी घेऊन आला. "जयभीम, काका. म्याडमचे वडील ना तुम्ही? आज गाडीचा आवाज लई भारी येत व्हता. घाटातूनच वळखली. काम केलं वाटतं?"

"व्हय."

"घरीच?"

"घरीच."

"हात हाय राव तुमचा," सर्जेराव बॉनेटवर थाप मारत कौतुकानं म्हणाला. "आता धा वर्षं बघायला नको."

"नाय," साहेबराव म्हणाले. "आता बघायला नको."