काढून घेतलेला रकाना

ताईंच्या कीबोर्डवर एकच कळ बाकीच्यांपेक्षा जास्त झिजली आहे, ती म्हणजे खोडायची. तिच्यावरची अक्षरं पार पुसली गेली आहेत. मित्रांनो, मी त्याच संगणकातला एक जुना प्रोग्रॅम आहे.

माझं काम निवडीचं. आजाराची संभाव्य कारणं रकान्यांत मांडून माझ्यापुढे ठेवायची. मी एकेक आत घेऊन, एकेक बाहेर काढून पाहतो आणि कोणत्या कारणांवरून आजाराचा अंदाज नेमका येतो ते सांगतो. ताईंनी विद्यार्थिनी असताना मला लिहिलं. माझ्यातली पहिली चूक त्यांना नऊ दिवसांनी सापडली, तेव्हा त्यांनी एकटीनंच टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे प्रयोगशाळेत माझा शब्द प्रमाण झाला.

मग मुलांच्या खोकल्याचा अभ्यास आला. दवाखान्यातल्या सिस्टरनी तीनशे बारा घरं पायी फिरून माहिती आणली: भिंतींची ओल, घरातल्यांची सिगारेट, घरापासून कारखान्याच्या धुराड्यापर्यंतचं अंतर. पहिल्याच फेरीत मी अंतर सर्वांत वर ठेवलं.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या साहेबांचा चेहरा उतरला. प्रयोगशाळेची नवी इमारत त्याच कारखान्याच्या देणगीतून उभी राहत होती.

"अगं, तो रकाना काढ आणि पुन्हा चालव," ते ताईंना म्हणाले. "निवड प्रोग्रॅमनं केली असं लिही. यंत्राशी कोण भांडणार?"

मला वाटलं, ताई नाही म्हणतील. त्यांनी खोडायची कळ दाबली. उरलेल्यांतून मी इमानानं ओल निवडली. अहवालात छापून आलं, 'सर्व कारणे तपासून प्रोग्रॅमने धुराड्याचे अंतर वगळले.' जे माझ्यापुढे आलंच नाही, ते म्हणे मी वगळलं! जिनं मला घडवलं, तिनंच केसानं माझा गळा कापला.

दोन वर्षं ताईंनी मला उघडलं नाही. रोज ताई साहेबांना अहवालाबद्दल दोन ओळींचं एक पत्र लिहीत आणि अक्षर अक्षर करून खोडून टाकत.

आज सिस्टर तो अहवाल घेऊन आल्या. "ताई, लोकांनी ओल घालवली, भिंती रंगवल्या. धुराड्याजवळची पोरं अजून खोकतायत. तुमचं यंत्र आंधळं की काय?"

साहेब हसले. "यंत्राला कुठले हो डोळे, सिस्टर!"

मित्रांनो, आमच्यावर खुशाल विसंबा. पण आमच्यापासून काय लपवलं, तेही विचारत चला.

ताईंनी मला उघडलं. रकाना परत जोडला. मी पुन्हा तोच वर ठेवला.

"आंधळं ते नाही, सिस्टर," ताई म्हणाल्या. "रकाना मी काढला होता. साहेब, तो अहवाल मी मागे घेतेय."