दातपाडीच्या नावाने

बायको गेल्यावर मी घरात एकच गोष्ट बजावून सांगितली होती. तिच्या कशालाही कुणी हात लावायचा नाही. कपाट, चपला, चष्मा, फोन, सगळं होतं तिथे राहील. तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, मान हलवली. लेक गेल्यापासून सासूबाईंचं बोलणंच कमी झालं होतं.

म्हणून क्लबच्या यादीत तिचं नाव हललेलं दिसलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

ती दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. पेशंट नसले की फोनवर मॉन्स्टरच्या झुंजीचा गेम खेळायची. दोघांनी आपापले सहा मॉन्स्टर निवडायचे, एका वेळी एकेकाला पुढे करायचं, दोघांच्या चाली ठरल्या की त्या एकदम उघडतात, जो वेगवान त्याचा फटका आधी, आणि ज्याचे सहाही पडले तो हरला. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण हा खेळ मन लावून खेळणाऱ्या मोठ्या माणसांचा आमच्याकडे एक क्लब आहे आणि त्यांची जिंकण्या-हरण्याची यादी कुणालाही बघता येते. तिथे तिने नाव घेतलं होतं ‘दातपाडी’. ती आजारी पडून हॉस्पिटलात भरती झाली तेव्हा दातपाडी यादीत तिसरी होती.

मी रोज कामावर निघण्याआधी ती यादी उघडायचो. तिच्या फोटोकडे बघवत नसे, नावाकडे बघवत असे. एका सकाळी नाव चौथं दिसलं. मला वाटलं, कुणीतरी वर चढला असेल. पुढच्या आठवड्यात ते परत तिसरं झालं. गेलेलं माणूस खाली येऊ शकतं, वर कसं जाईल? तिचा फोन जागेवर बंद पडून होता, तरी तिच्या नावाने कुणीतरी खेळत होतं.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. या धंद्यात संशय घ्यावाच लागतो. दोर जरा वेगळा वाजला, दार बंद होताना जरा अडखळलं, तर ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून देता येत नाही. त्यामुळे इथेही मी माणसं एकेक करून तपासायला घेतली.

पहिला होता क्लबचा प्रमुख. त्याचं जुन्या व्हिडिओ गेमचं दुकान आहे आणि सगळे त्याला कोच म्हणतात. सांत्वनाला आला होता तेव्हाच त्याने हळूच विचारलं होतं की वहिनींची टीम एकदा नीट बघायला मिळेल का. तेव्हाच मला ते खटकलं होतं. आता दुकानात जाऊन मी सरळ विचारलं तर तो म्हणाला, क्लबला नाव कळतं, नावामागचं माणूस कळत नाही. झुंज चालू असताना तिसऱ्याला दिसत नाही, संपल्यावरच बघता येते. मग त्याने मला दातपाडीच्या नुकत्याच झालेल्या झुंजी लावून दाखवल्या.

सहाही मॉन्स्टर हिचेच होते. दगडासारखा पहिलवान, आग ओकणारी काळी, सगळ्यात बारका ठेंगू. नावं तिने ठेवलेली. पण खेळण्याची पद्धत तिची नव्हती. ती फटाफट चाली करायची. हा जो कोणी होता तो प्रत्येक चालीला तीन मिनिटांचं घड्याळ अगदी संपत येईपर्यंत थांबायचा.

“मुद्दाम करतात काही लोक,” कोच म्हणाला. “समोरच्याचं डोकं तापवायला.”

म्हणजे चोरी ती चोरी, वर माज. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो स्वतःच मुद्दाम करत असेल का, हेही मनात येऊन गेलं. पण सगळ्या झुंजी गुरुवारी दुपारच्या होत्या, आणि गुरुवारी दुपारी कोच दुकानात गिऱ्हाइकं सांभाळत असतो. तो सुटला.

दुसरा माझा मेहुणा. तो वापरलेले फोन विकत घेऊन विकतो. कुठल्याही फोनचं कुलूप त्याला उघडता येतं. शिवाय गुरुवारी त्याचं दुकान बंद. मी त्याच्याकडे जाऊन इकडचं तिकडचं बोललो आणि मध्येच म्हणालो की कुणीतरी ताईचं नाव वापरतंय. त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. मग तो खाली बघून म्हणाला, “भाऊजी, जाऊ द्या ना. खेळच तर आहे.”

ज्याने काही केलेलं नाही तो असं म्हणत नाही. तो आधी विचारतो, कोण वापरतंय? मी बाहेर पडलो तो खात्री घेऊनच.

पण खात्री म्हणजे पुरावा नाही. त्याच्या घरी धडकलो आणि त्याने खेळ बंद करून टाकला तर मी काय दाखवणार? चोर नेमका त्या मिनिटाला खेळतोय हे कळायला एकच मार्ग होता. त्याच्या समोर मीच खेळायला असायला हवं होतं. आणि यादीत जवळजवळ असलेल्यांचीच गाठ पडते. म्हणजे मला तिसऱ्या नंबराच्या आसपास पोचायला हवं होतं, मी तर कधी खेळलोही नव्हतो.

कोचला खरं कारण सांगितलं नाही. त्याला म्हणालो, मला लवकर वर जायचंय.

“लवकर हवं असेल तर मारकी टीम बांधा,” तो म्हणाला. “हरलात तरी लवकर हराल, जिंकलात तरी लवकर. दिवसात खूप झुंजी होतात.”

क्लबात नाव काय घेऊ म्हणून विचारलं तर त्यानेच ‘तळमजला’ लिहून टाकलं. लिफ्टवाला आहात, खालूनच चढायचंय, म्हणाला.

मारकी टीम बांधणं मला जड गेलं. कोचचं म्हणणं साधं होतं. मार सोसायचाच नाही, सोसायची वेळ येण्याआधी समोरच्याला संपवायचं. पहिला मॉन्स्टर जमिनीवर काटे पसरतो आणि खुशाल पडतो, त्याचं काम झालं. पुढचे दोघे समोरच्याचे भिंतीसारखे दणकट मॉन्स्टर खिळखिळे करतात, त्यापायी तेही बहुतेक पडतात. मग शेवटचे वेगवान येतात आणि खिळखिळ्या झालेल्यांना एकेका फटक्यात लोळवतात. मी निवडलेल्या सहांत दर वेळी एक जाड कासवासारखा निघायचा. मार खाईल, इतरांना वाचवेल असा.

“पुन्हा ब्रेक बसवलात?” कोच वैतागून म्हणाला. “अहो, ही लिफ्ट खाली पडायलाच सोडलेली आहे. ब्रेक काढा.”

ज्याने सगळं आयुष्य ब्रेक तपासण्यात घालवलं त्याला हे करवत नाही. पण काढला.

आणखी एक गोष्ट त्याने शिकवली. या खेळात ‘आड’ नावाची चाल असते. ती घेतली की त्या वेळेपुरता समोरचा फटका वाया जातो. मरायला टेकलेला खेळाडू बहुतेक आड घेतो. “तो आड घेणार असं वाटलं की मारायचं नाही,” कोच म्हणाला. “त्या वेळात आपल्या मॉन्स्टरचा जोर वाढवायचा. पुढच्या चालीला तो मेलाच. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, हाच खेळ आहे.”

हे मात्र मला लगेच जमलं. समोरचा कपटी आहे असं धरून चालायचं, यात मला नवीन काहीच नव्हतं. मी जेवणाच्या सुट्टीत खेळलो, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत बसून खेळलो, पगारी रजा घेऊन खेळलो. हरायचो, पण जिंकायचो जास्त. तळमजला वर सरकत गेला. कोच मला बघून कौतुकाने हसायचा आणि मला वाटायचं, हा हसतो का आहे?

पाचव्या नंबरावर पोचलो त्या आठवड्यातल्या गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. मेहुण्याच्या इमारतीत जिने चढून वर गेलो. त्याच्या बंद दाराबाहेर पायरीवर बसलो, फोनचा आवाज बंद केला आणि गाठ पडायची वाट बघत राहिलो. वरच्या मजल्यावरची बाई पिशवी घेऊन उतरली. कुणाकडे आलात, तिने विचारलं. मी म्हणालो, लिफ्ट बघायला. त्या इमारतीला लिफ्ट नाही, हे तिने मला तिथेच सांगितलं आणि वळून वळून बघत खाली गेली.

दोन अनोळखी नावांशी गाठ पडली, ती मी तशीच सोडून दिली. मग स्क्रीनवर नाव आलं, दातपाडी.

मी पहिली चाल केली. समोरचा थांबला. घड्याळ संपत आलं आणि तेव्हाच दाराच्या आतून टुक असा आवाज आला, आणि त्याच क्षणी माझ्या स्क्रीनवर त्याची चाल उमटली. मी दाराला कान लावला. माझा मॉन्स्टर पडला की आत पडल्याचा आवाज, त्याचा पडला की आत तसाच. आता शंकेला जागा नव्हती.

पण मी लगेच उठलो नाही. मला आधी त्याची टीम पाडायची होती. पहिलवान पडला, काळी पडली. माझेही एकेक जात होते. शेवटी त्याच्याकडे राहिला ठेंगू, जेमतेम जीव असलेला. माझ्याकडे राहिलं एक वेगवान मांजर, त्याचाही जीव थोडाच, पण फटका आधी मांजराचाच बसणार. मी फोन हातात तसाच धरून दार वाजवलं.

“उघडंच आहे,” आतून आवाज आला. मेहुण्याचा आवाज नव्हता.

आत टेबलाशी सासूबाई बसल्या होत्या. टॅब पाण्याच्या जगला टेकवून उभा केलेला, एका हातात भिंग. त्या स्क्रीनवरची अक्षरं भिंगातून एकेक करून वाचत होत्या. मी दिसलो तशा त्यांनी टॅब उलटा केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत सरळ केला.

“तुम्ही?” मी म्हणालो.

“तुम्ही म्हणाला होतात, कशाला हात लावायचा नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. त्यालाही सांगू दिलं नाही.” त्या माझ्या फोनकडे बघत होत्या. “तळमजला तुम्ही?”

मी हो म्हणालो.

“वाटलंच मला, कुणीतरी चिडलेला आहे.”

मी खुर्चीत बसलो. त्यांनी जे सांगितलं ते असं. महिनाभर कुणी खेळलं नाही तर क्लब नाव पुसून टाकतो. हे मला माहीतच नव्हतं. मी रोज ते नाव बघत होतो आणि ते आपोआप तिथे आहे असं समजत होतो. हॉस्पिटलात दिवसा सासूबाई असायच्या, रात्री मी. दिवसा ही आईला खेळ शिकवायची. या टॅबवर तिचं खातं उघडून दिलं होतं. “मी बरी होऊन घरी येईपर्यंत आठवड्यातून एकदा खेळत जा, नाव राहू दे,” असं ती आईला म्हणाली होती.

तरी माझ्या मनातलं जाईना. “मला का नाही शिकवलं?” मी विचारलं.

“तुम्ही आलात की ती टॅब ठेवून द्यायची. तुमच्याशी बोलायचं असायचं तिला.” मग त्या स्क्रीनवर वाकल्या. “तुमची चाल राहिलीय. घड्याळ चाललंय.”

मी म्हणालो, राहू दे आता, मी सोडून देतो.

“सोडायचं नाही,” त्या म्हणाल्या. “तिला कुणी सोडून दिलेलं चालायचं नाही. खेळा.”

त्यांनी आपली चाल ठरवून टाकली. आता माझीच राहिली होती. मारलं तर ठेंगू पडणार आणि दातपाडी खाली जाणार. न मारणं म्हणजे सोडून देणं, आणि तेही त्यांना लगेच कळलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या घडीला मी दयेचा विचार केला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, नजर खाली. मला वाटलं, या लपवताहेत. यांनी आड घेतलीय. इतकी चांगली खेळणारी बाई मरायला टेकलेल्या ठेंगूला आडोसा देणारच. मी मारलं नाही. मांजराचा जोर वाढवला.

ठेंगूने सरळ पुढे येऊन फटका मारला. मांजर पडलं. माझी टीम संपली.

सासूबाई बराच वेळ भिंगातून बघत होत्या. आपण जिंकलो हे त्यांना उशिरा कळलं. कळल्यावर त्या खूश झाल्या नाहीत, उलट माझ्याकडे रोखून बघितलं. “मारलं का नाहीत? मुद्दाम?”

“मुद्दाम नाही. शप्पथ. मला वाटलं तुम्ही आड घेणार.”

“मला कुठे येते आड?” त्या म्हणाल्या. “ते शेवटचं शिकवते म्हणाली होती. मग त्यांनी तिला आयसीयूत नेलं.”

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. मेहुणा आला होता. दारात मला बघून तो तिथेच थबकला आणि त्याने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, कुणी कुणाला काय केलंय ते शोधत असल्यासारखं. मी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि सासूबाईंना म्हणालो, टॅब इकडे करा, आई. आड कुठे असते ते दाखवतो.

त्यांनी टॅब दिला नाही. “लांबून दाखवा,” म्हणाल्या. “हात लावू नका.”