झाकणावरची चार बोटं

…पात्याचं टोक झाकणात शिरतं तेव्हा आवाज असा होतच नाही, फक्त बोटांना कळतं — लेप फाटला, खाली धातू लागला — मग छाइयुन शेजारी दुसरी रेघ ओढते, मग आडव्या रेघा, तांदळाएवढ्या चौकटींची जाळी. वर चिकटपट्टी. नखानं घासायची, एका हिसक्यात ओढायची. लेप पक्का असेल तर पट्टी कोरी येते. लॅपटॉपची झाकणं दिवसभर अशी सोलून बघायची.

ही पट्टी कोरी आली नाही.

तिनं शेजारी दुसरी लावली, ओढली. करडा लेप सालीसारखा निघाला… एकाखाली एक चार लांबट डाग. उघड्या हातानं धरलेलं झाकण न पुसता रंगाच्या फवाऱ्याखाली गेलं की बोटांच्या जागी लेप धरत नाही. कोपऱ्याला बारीकसा पोचा होता.

पोचा.

सकाळी आईनं — पुसणीच्या टेबलावर, रसायनानं हात फाटले म्हणून — क्षणभर हातमोजा काढला. लाइनप्रमुख पांगनं तिच्यासमोरचं झाकण उचललं आणि कानावर हाणलं, सपाट, सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं, आणि मग स्वतःच, उघड्या हातानं, ते न पुसता फवाऱ्याकडे जाणाऱ्या रांगेत अडकवलं. कुणी मान वर केली नाही. मीही नाही, मी तपासणीच्या खोलीत, काचेच्या अलीकडे होते, पातं हातात होतं, मी रेघ पूर्ण केली… सरळ आली. आई मानेवरचं रक्त पुसत म्हणाली, घाम आहे.

"निघाला ना लेप?" मागून पांग. लसणाचा वास. "म्हातारीचीच बोटं. उद्यापासून येऊ नको म्हणावं. सिचुआनला धाड, मिरच्या तोडू दे."

"पांगसाहेब, ही बोटं जाड आहेत."

"मग आईला कमी खायला घाल."

शेजारच्या बाया हसल्या, हसावं लागतं तेवढंच. हसता हसता त्यानं टेबलावर हात टेकला. गोरा, मऊ हात, वर आलेल्या शिरा — त्यावर उभ्या रेघा, आडव्या रेघा, मग पट्टी, नखानं घासून, एका हिसक्यात… धातूला लागतो तेवढा जोरही लागणार नाही…

"हात ठेवा इथं," ती म्हणाली. "झाकणावर. जुळवून बघू."

पांगची नजर डागांवरून पोच्यावर गेली, पोच्यावरून पात्यावर. हात खिशात गेला.

"वेड लागलंय तुला," तो म्हणाला. पण हळू. आणि तिथेच उभा राहिला.

त्यानं हात ठेवला असता तर… जुळवलाच असता का मी? नुसता जुळवला असता?

काचेपलीकडे आई पुढचं झाकण पुसत होती, चांगला कान इकडे करून. छाइयुनला स्वतःमध्ये पांगबद्दलची भीती शोधूनही सापडेना. तिनं खाली पाहिलं. पातं धरलेली बोटं थरथरत नव्हती — सकाळीही थरथरली नव्हती — आणि आता त्यांचीच भीती वाटत होती.