एक डबा पुरेल?

"वहिनी, एक स्टॅक पुरेल," कंपनीतून डबा बसवायला आलेल्या स्वप्निलनं पुन्हा सांगितलं. पुरेल म्हणजे? नाही पुरला तर?

माझे यजमान म्हसळ्याच्या हॉस्पिटलात नाकाला नळी लावून पडलेत. ऑक्सिजनचं मशीन घरी आणलंय, पण लाईट गेल्यावर ते कशावर चालवणार, हे सांगितल्याशिवाय डॉक्टर यांना सोडत नाहीत. बरोबरच आहे. वादळानंतर दिवेआगरात आम्ही अंधारात कसे दिवस काढले ते आम्हाला विचारा! बॅटरी तेवढी टिकत नाही, जनरेटरचा धूर यांना सोसत नाही. म्हणून हा हायड्रोजनवर वीज तयार करणारा फ्युएल सेल. धूर नाही, सिलिंडर बदलला की पुन्हा सुरू. ताकद कमी पडली तर डब्याला डबा जोडायचा. त्या एकेका डब्यालाच हे लोक स्टॅक म्हणतात.

मशीन डब्याला जोडून स्वप्निल मेन स्विच पाडून दाखवणार, तोच आख्ख्या आळीची लाईट गेली. आमच्याकडे तिला मुहूर्त लागत नाही. मशीन मात्र घुरघुरत राहिलं. माझा जीव भांड्यात पडला.

एवढ्यात शेजारची मनुबाई चार्जिंगला मोबाईल घेऊन दारात. मागून समोरची पूनम, चक्क मिक्सर घेऊन! वाटण अर्धवट राहिलं म्हणे. दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? मिक्सर गरगरला, डबा बंद पडला आणि मशीन किंचाळायला लागलं.

"काढा! सगळं काढा!" मीही किंचाळले. खाट रिकामी होती, तरी मला तिच्यावर हेच तडफडताना दिसत होते. "कुणी बोलावलं तुम्हाला?"

"तुझ्या दिनानाथानंच फोन केलान," मनुबाई बावरून म्हणाली. "म्हणला, आता लाईट गेली की आमच्याकडं या."

मी तिथल्या तिथे हॉस्पिटलात फोन लावला. "अहो, स्वतःला धड श्वास घेता येत नाही आणि गावाला आमंत्रणं कसली देताय?"

हे धापा टाकत हसले. "अगं... शेजारी अंधारात... आणि आपण एकटेच उजेडात बसायचं?"

मला राग आला आणि रडूही आलं. हा माणूस घरी आला तर असाच येणार. आणि मला तो असाच हवा होता.

"वहिनी, लोकांना नाही म्हणा, एक पुरतो," स्वप्निल म्हणाला.

"दोन दे," मी डोळे पुसले. "आणि वायरी वेगळ्या ठेव. एक यांच्या श्वासाला, एक यांच्या स्वभावाला."